क्रेन बोलवण्याआधी वाट तयार ठेवा

क्रेन मागवणाऱ्याचा फोन आला की दोन प्रश्न ठरलेले असतात. किती टनाची आहे आणि तासाला किती घेणार? आत यायला वाट कशी आहे, उतार कुठे आहे, चर नुकताच कुठे बुजवलाय, हे आपणहून सांगणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. चाकण-तळेगाव पट्ट्यात मी आधी खलाशी होतो, मग ऑपरेटर झालो, आता क्रेनच्या कामांवर देखरेख करतो. माझं म्हणणं असं, की क्रेन ज्या जमिनीवरून चालणार ती तयार करून देण्याची जबाबदारी क्रेन मागवणाऱ्याची आहे आणि ती कागदावर त्याच्याच नावाने लिहिलेली असली पाहिजे. आज ती कुणाचीच नसते, म्हणून शेवटी ऑपरेटरच्या गळ्यात पडते.

आपल्याकडे गल्लीबोळांत, एमआयडीसीत, गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा दिसते ती हायड्रा. चार चाकं, पुढे बूम, हुकाला माल अडकवायचा आणि तो लटकत ठेवूनच चालत जायचं. मोठी क्रेन एका जागी उभी राहते, जॅक टाकते, खाली प्लेटा घालते. हायड्रा माल घेऊन चालते तेव्हा तिचा सगळा भार टायरवर असतो आणि टायर ज्यावर आहेत त्या मातीवर. लोड चार्टमध्ये छापलेले टन हे घट्ट, सपाट जमिनीवरचे असतात. सपाट म्हणजे किती, तर बहुतेक चार्ट 1 टक्क्याच्या आतला उतार धरतात. एका मीटरला एक सेंटिमीटर! आपल्या किती साइटवर अशी जमीन सापडेल?

हा हिशोब प्रत्येक साइट इंजिनिअरने एकदा तरी कागदावर करून पाहावा. दोन बाजूंच्या चाकांत साधारण 2 मीटरचं अंतर आहे असं धरा. एका बाजूचं चाक 10 सेंटिमीटर खड्ड्यात गेलं, म्हणजे वीतभरसुद्धा नाही, तर क्रेन जवळपास 3 अंश कलते. केबिनमध्ये बसलेल्याला तो साधा हादरा वाटतो. पण बूमचं टोक 10 मीटर उंचीवर असेल तर ते तेवढ्यात अर्धा मीटर बाजूला सरकतं आणि हुकाचा मालही त्याच्याबरोबर जातो. वर माल झुलायला लागला की तो अर्धा मीटर आणखी वाढतो. बूम उभा भार पेलण्यासाठी बनवलेला असतो, आडवी ओढ त्याला सोसत नाही. शिवाय हायड्रा वळते ती मधल्या सांध्यात मोडून. आडव्या उतारावर माल घेऊन उताराच्या बाजूला स्टिअरिंग वळवलं तर बूम आणि मालाचं वजन त्याच बाजूला झुकतं. मग सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून उतार आडवा कापायचा नाही. जायचंच असेल तर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत, आणि माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा. म्हणजे उतरताना गाडी रिव्हर्समध्ये न्यायची. बूम आत घेतलेला आणि खाली, माल जमिनीपासून जेमतेम वर, दोरी धरलेला खलाशी मालापासून अंतर ठेवून बाजूने चालणारा. टायरची हवा सकाळीच तपासलेली. वेग पायी चालणाऱ्याइतका.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते वस्ताद क्रेन चालू करण्याआधी हातात पहार घेऊन सगळी वाट पायी फिरायचे. ताज्या मातीचा पट्टा दिसला की पहार टेकवून नुसता हाताचा जोर द्यायचे. पहार सहज आत गेली की त्या जागेवर चुन्याची फुली मारायची आणि मुकादमाला सांगायचं, "इथे मुरूम टाकून दाबून द्या, तोवर मी बसतो." पावसाळ्यात तर चुन्याची पिशवी त्यांच्या केबिनमध्येच असायची. काळी माती वरून वाळलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. केबलसाठी खणून बुजवलेला चर त्याहून वाईट, कारण तो वरून दिसतच नाही. तो कुठून गेलाय हे फक्त साइटवाल्यालाच ठाऊक असतं. बाहेरून आलेल्या ऑपरेटरला ते कसं कळणार?

22 जानेवारी 2023 ला तमिळनाडूच्या राणीपेट जिल्ह्यातल्या कीळवीधी गावात देवीच्या जत्रेत क्रेन उंचसखल जमिनीवर कलंडली. हारांसाठी माणसं क्रेनवर चढलेली होती. चौघांचा जीव गेला. पोलिसांनी ऑपरेटरला पकडलं. क्रेनवर माणसं घेऊन चालणं हा गुन्हाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती वाट क्रेनसाठी कोणी ठरवली, कोणी पाहिली, हेही तितक्याच कडकपणे विचारलं गेलं पाहिजे. आपल्याकडे पुढाऱ्यांना क्रेनने हार घालण्याची हौस वाढली आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे.

साइटवर ऑपरेटर थांबला की "अरे, दोन मिनिटांचं काम आहे, घे पटकन" असं सगळे म्हणतात. मालक फोनवर, इंजिनिअर समोर, मागे हायवा हॉर्न वाजवतोय. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, दुसऱ्या राज्यातून आलेला, अशा वेळी नाही म्हणेल ही अपेक्षा मला निर्दयी वाटते. त्याला नाही म्हणण्याचा हक्क वर्क ऑर्डरमध्येच मिळाला पाहिजे. क्रेन यायच्या आदल्या दिवशी वाट दाखवणारा माणूस कोण, बुजवलेले चर कुठे, हे लिहून द्यावं. जमीन तयार नसल्यामुळे क्रेन उभी राहिली तर त्या तासांचं भाडं मागवणाऱ्याने द्यावं. उभ्या क्रेनचे पैसे खिशातून जायला लागले की मुरूम वेळेवर येतो, हे मी पाहिलेलं आहे.

आणि क्रेन भाड्याने देणाऱ्या मालकांनाही सांगणं आहे. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने आपण ही अट घालत नाही. पट्ट्यातल्या सगळ्यांनी मिळून घातली तर गिऱ्हाईक जाणार कुठे? एक-दोन हायवा मुरूम आणि रोलरचं अर्ध्या दिवसाचं भाडं, एवढाच बहुतेक ठिकाणी प्रश्न असतो. यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी आपण एकत्र बसून ती अट एकाच मसुद्यात लिहून काढूया.