यादी हरली, म्हणजे पासवर्ड पक्का नव्हे

संगणक शिकणारी आपली मुले-मुली आता पासवर्ड तपासण्याचे कामही शिकू लागली आहेत. त्यातील एक रीत म्हणजे 'शब्दकोश हल्ला'. चांगल्या व्यवस्थेत पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत. गणिताने काढलेला त्याचा ठसा ठेवतात. त्याला हॅश म्हणतात. ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. म्हणून तपासणारा मोठी यादी घेऊन एकेका शब्दाचा ठसा काढतो व जुळवून पाहतो.

अमेरिकेतील बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ३,२८९ पासवर्डांचा हिशेब दिला आहे. त्यांतील ८६ टक्के एकतर फार आखूड होते, नाहीतर शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडले.

पण यादी संपली आणि काहीच जुळले नाही, तर? 'पासवर्ड पक्का' असा शेरा मारू नये. तेरीज जुळली तरी खात्यात चूक राहू शकते, हे हिशेबनिसाला ठाऊक असते. तसेच हे आहे.

आधी साधन तपासावे. आपल्याला ठाऊक असलेल्या पासवर्डाचा ठसा घ्यावा व तो शब्द यादीत घालावा. तोही सापडला नाही, तर दोष चाचणीतच आहे. हॅशचा प्रकार चुकला असेल. ठसा उतरवताना एखादे अक्षर गळले असेल. पासवर्डात मिसळलेली जादा अक्षरे, म्हणजे सॉल्ट, दिली नसतील. किंवा विंडोजवर केलेल्या यादीत ओळीच्या शेवटी न दिसणारे चिन्ह चिकटले असेल. एवढ्यानेही ठसा पार बदलतो.

साधन ठीक असेल, तर यादी पाहावी. इंग्रजी शब्दांच्या यादीत 'सुनीता' कुठून येणार? रोमन लिपीत ते नाव कोणी एका 'आय'ने लिहितो, कोणी दोन 'ई'ने. पुढे जन्मसाल जोडतो. हे फेरफार यादीत धरावेच लागतात.

कारण परक्या यादीला जे जमले नाही, ते ओळखीच्या लबाडाला जमते. मुलीचे नाव, जन्मसाल त्याला तोंडपाठ असते. एखाद्या पतसंस्थेला 'सर्व ठीक' असा अहवाल गेला, तर गरिबाची ठेव उघड्यावर पडते.

म्हणून तपासणाऱ्याने लेखी परवानगीखेरीज कोणाच्या पासवर्डाला हात लावू नये, आणि अहवालात 'या यादीत सापडला नाही' एवढेच लिहावे. घरच्यांनी नावे व तारखा सोडून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. प्रत्येक खात्याला पासवर्ड वेगळा असावा.