आहुती आपलीच हवी



फाल्गुन पौर्णिमेला आपल्या जालना जिल्ह्यात गावोगाव होळी पेटते. "होळीत पोळी का टाकायची?" असं मुलांनी विचारलं, तर "परंपरा आहे" एवढ्यावर त्यांची बोळवण करू नका.

ऋग्वेदाची सुरुवातच अग्नीच्या नावाने होते. अग्नी हा माणूस आणि देव यांच्यातला दूत मानला जातो. आपण दिलेलं तो देवांपर्यंत पोचवतो. यज्ञात 'स्वाहा' म्हणून आहुती टाकली की यजमान म्हणतो, 'न मम'. म्हणजे हे आता माझं नाही. माझ्या मते अग्निपूजेचं सगळं सार या दोन शब्दांत आहे.

पण जे माझं असतं, तेच मी सोडू शकतो ना? मग शेजाऱ्याच्या पळवलेल्या गोवऱ्या किंवा दुसऱ्याच्या बांधावरचं तोडलेलं ओलं लिंबाचं झाड, ही आहुती कशी होईल? आपल्या दुष्काळी भागात एक झाड जगवणं किती अवघड, हे मुलंही जाणतात.

अंधश्रद्धा निर्मूलन समिती होळी लहान करून पोळी दान करायला सांगते. काहींना ते धर्माविरुद्ध वाटतं. मला नाही वाटत. एक घास अग्नीला द्यावा, बाकी पोळ्या वीटभट्टीवरच्या लेकरांना द्याव्यात. 'न मम' दोन्हीकडे खरंच ठरतं.

यंदा होळीच्या आधी परिपाठात हा अर्थ नक्की सांगा. आणि मुलांना एवढंच विचारा: तुझं स्वतःचं तू काय देणार?