जुन्या डॉलरची किंमत नंतर, आधी टाकसाळीची खूण शोधा



गेल्या महिन्यात माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं रुमालात गुंडाळून चांदीचा अमेरिकन डॉलर आणला. पणजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी आणलेला. मुलाचा पहिला प्रश्न, "सर, याचे किती लाख येतील?" घरात सगळ्यांनी मोबाइलवर तसला व्हिडिओ पाहिला होता. काकानं तर व्हिडिओखालच्या नंबरवर 'नोंदणी फी' म्हणून दीड हजार रुपये पाठवलेसुद्धा!

माझं मत विचाराल तर यात काकाची एकट्याची चूक नाही. नाणं वाचायचं कसं, हे आपण वर्गात कधी शिकवलंच नाही.

तो मॉर्गन डॉलर होता. ही नाणी 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडली गेली. आम्ही भिंग घेतलं. मागच्या बाजूला गरुड, त्याच्याखाली पानांचा हार आणि हाराला रिबिनीची गाठ. त्या गाठीखाली, 'डॉलर' या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांच्या वर टाकसाळीचं बारीक अक्षर असतं. 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'डी' म्हणजे डेन्व्हर आणि 'सीसी' म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी. (1921 ते 1935 च्या पीस डॉलरवर जागा वेगळी. तिथे मागे 'वन' शब्दाच्या खाली, पंखाच्या टोकाजवळ बघायचं.) नाण्यात चांदी कमी भरली तर कोणत्या टाकसाळीला जाब विचारायचा, हे या अक्षरावरून कळायचं.

आमच्या नाण्यावर अक्षरच नव्हतं. "सर, पुसलं गेलं वाटतं," मुलगा हिरमुसला. पुसलं नव्हतं. फिलाडेल्फिया ही अमेरिकेची पहिली टाकसाळ, ती या डॉलरवर खूण घालतच नसे. म्हणजे रिकामी जागासुद्धा काहीतरी सांगते! साल होतं 1921, आणि त्या साली एकट्या फिलाडेल्फियात असे सुमारे 4 कोटी 46 लाख डॉलर पाडले गेले. म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. पण 26.73 ग्रॅमच्या त्या नाण्यात 24 ग्रॅम चांदी आहे, ती काही कुठे जात नाही.

आता उलटं उदाहरण. 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोत फक्त 1 लाख डॉलर पाडले, म्हणून 'एस' असलेला त्या सालचा डॉलर फार महाग. मग लबाड लोक काय करतात? फिलाडेल्फियाच्या 1893 च्या नाण्यावर दुसरीकडून कापलेला 'एस' चिकटवतात. भिंगातून अक्षराच्या कडेला सांधा दिसतो का, हे म्हणूनच बघायचं.

डॉलर आपल्या मुंबईतही पाडले जात, हे किती जणांना माहीत आहे? पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिशांनी 1895 पासून ते काढले. त्यावर उभ्या असलेल्या ब्रिटानियाच्या हातातल्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर इवलासा 'बी' असतो, तो बॉम्बेचा.

डॉलर प्रत्येक शाळेत कुठून येणार? पण खिशातलं रुपयाचं नाणं पुरतं. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. परिसर अभ्यासाचा एक तास याला द्याच. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात नाण्यांचा नुसता खणखणाट होता!

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक नसते आणि त्यासाठी फी किंवा कमिशनही मागत नाही. पालकसभेत मी ते वाचून दाखवलं. काकाचे दीड हजार काही परत आले नाहीत. आजीनं मात्र डॉलर चमकवायला चिंच भिजत घातली होती, ती वेळेवर आमटीत गेली. घासलेल्या नाण्याला संग्राहक फारसं विचारत नाहीत.