डोळ्यातला जंत आणि नजरेतला विटाळ



सन १७७०. सँ-दोमिंग, म्हणजे आजचा हैती. मोंजां नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकाला एका गुलाम आफ्रिकी स्त्रीच्या डोळ्यात हलणारा जंत दिसला. त्याने तो काढायचा प्रयत्न केला, पण जंत निसटला. ‘लोआ लोआ’ या जंताची ही पहिली वैद्यकीय नोंद मानली जाते. इतिहास डॉक्टरचे नाव सांगतो, त्या बाईचे सांगत नाही.

हा जंत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात रक्त पिणारी माशी चावल्याने होतो. तो त्वचेखाली फिरतो, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकतो. तो दहा-पंधरा वर्षेही जगतो. त्यामुळे कॅमेरूनहून युरोपात आलेल्या मजुराच्या डोळ्यात तो अनेक वर्षांनी दिसू शकतो. तिकडे काही महिने राहून परतलेल्या गोऱ्या प्रवाशालाही तो होतो. मात्र गोऱ्याला आजार ‘जडतो’ आणि स्थलांतरित तो ‘घेऊन येतो’. ही भाषा कुठून येते?

हा जंत शिवल्याने, सोबत जेवल्याने किंवा शेजारी राहिल्याने होत नाही. तरीही परक्या देहाची भीती घालणारे राजकारण जगभर चालते. विज्ञानाचा आधार नसलेल्या या भीतीला आम्ही विटाळच म्हणतो.

उपेक्षेचा हिशेब तर आणखी कडू आहे. नदीकाठच्या अंधत्वावर आयव्हरमेक्टिन हे औषध १९८७ पासून मोफत दिले जाते. पण रक्तात लोआचे सूक्ष्म जंत फार असतील तर याच औषधाने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून लोआ असलेल्या भागांत ते सरसकट वाटता येत नाही. एवढे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत लोआचा समावेश झालेला नाही. उपेक्षितांच्या यादीतही काही जण वेशीबाहेरच!

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. तेव्हा हा प्रश्न आम्हाला परका नाही.

‘कुठून आलात?’ हा प्रश्न डॉक्टरने विचारलाच पाहिजे, कारण त्याशिवाय निदान होत नाही. पण ‘गाव कुठलं, आडनाव काय’ या प्रश्नामागचा हेतू आम्ही भोगला आहे. आरोग्य शिबिरांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी स्थलांतरित मजुराला गाव विचारावे ते उपचारासाठी, दूर ठेवण्यासाठी नव्हे. आणि नोंदवहीत त्याचे नाव आधी लिहावे.

जय भीम!