घरचा जमाखर्च : दारातली मोटार

पुण्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. घरात माणसे सात. दोन वर्षांपूर्वी मोटार घेतली, तीत बँकेचे कर्ज 8 लाख, व्याज शेकडा 9, मुदत सात वर्षे. हप्ता दरमहा सुमारे 12,870 रुपये. पुढे यजमानांची नोकरी सुटली, दुसरी मिळाली ती कमी पगाराची. धाकट्या दिरांची महाविद्यालयाची फी भरावयाची आहे. ही मोटार विकून साडेतीन लाखांची जुनी घ्यावी काय, असे त्या विचारतात. मामंजी म्हणतात, "तीन लाख भरले, ते पाण्यात घालावयाचे काय?"

मामंजींचा मान राखून लिहावेसे वाटते की, ते पैसे गेलेलेच आहेत. 24 हप्त्यांत 3 लाख 9 हजार भरले खरे. परंतु त्यांतील सुमारे 1 लाख 29 हजार व्याजाचे. 6 लाख 20 हजार मुद्दल अद्यापि डोक्यावर आहे. तेव्हा हिशेब मांडावयाचा तो आजपासून पुढचा.

गिऱ्हाईक साडेसहा लाख देत आहे. कर्ज फिटून हाती तीस हजार. त्यांतूनही मुदतीपूर्वी फेडीचा आकार बँक कापून घेईल. म्हणजे जुन्या गाडीचे पैसे घरातील चार लाखांच्या ठेवीतून काढावयाचे. आमचे मन अडखळते ते येथे. नवी नोकरी अजून मुरलेली नाही, आणि अशा वेळी ठेवीत पन्नास हजारच उरावेत? सासूबाईंना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागते, म्हणून गाडी हवी हे मान्य. पण त्यासाठी दोन लाखांची पुरे. ठेवीवर शेकडा 7 व्याज धरले तरी महिना बाराशेच्या आतच बुडते. दुरुस्तीस तीन हजार बाजूला ठेवले, तरी साडेआठ हजारांवर वाचतात.

मात्र गाडी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखविल्यावाचून घेऊ नये. विकणाऱ्याच्या मिस्त्रीला नव्हे. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली 15 वर्षे चालते, तेव्हा त्यातील किती उरली तेही पाहावे.

आपली गाडी विकताना बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना 35 देऊन नोंदणीपुस्तकातील तारणाची नोंद काढावी. मालकीबदलासाठी नमुने 29 व 30. 'कागद सावकाश करू' असे गिऱ्हाईक म्हणाले तर ऐकू नये. पुस्तकात ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईचा बोजा त्याच्यावर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे. विम्याचा 'नो क्लेम बोनस' मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो पुढच्या विम्यास मागून घ्यावा.

आळीतले लोक काय म्हणतील, हेही पत्रात आहे. म्हणोत. मामंजींनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने घरखर्चाची वही लिहिली, असे भगिनी कळवितात. तर हे आकडे त्याच वहीत लिहून, रात्रीची जेवणे आटोपल्यावर यजमानांनीच त्यांच्यापुढे ठेवावेत.