पाहुणे परत जाऊन काय सांगतात?



सेवा करायला पाहुणे येतात. औषधं देतात, पोरांना वह्या देतात, नाचाचे फोटो काढतात. चार-आठ दिवसांनी परत जातात अन् तिकडं सांगतात, 'माणसं गरीब, पण किती आनंदी!' त्यात जमिनीचा एक शब्द नसतो.

आफ्रिकेतल्या मसाई लोकांचंही तसंच. मिशनवाले येतात अन् मण्यांच्या, गुरांच्या गोष्टी घेऊन जातात. पण १९५९ साली सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी मसाईंना तिथून उठवून न्गोरोंगोरोकडं धाडलं, हे किती जण सांगतात? नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

पाहुण्यांना आम्ही नको म्हणत नाही. मिशनरी म्हणून या देशात आलेले व्हेरिअर एल्विन १९३२ साली मंडल्याच्या गोंडांत राहायला गेले, सोबत आपले शामराव हिवाळे. दोघं वर्षानुवर्षं राहिले. बैगांची बेवर सरकारनं कशी बंद पाडली, ते एल्विननी लिहून जगापुढं मांडलं. याला आम्ही सेवा म्हणतो.

म्हणून पाहुण्यांनी आधी ग्रामसभेत बसावं. कोणाचा पट्टा कुठं अडला ते विचारावं. परत जाऊन सांगावं, की २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय अभयारण्यातून कोण्याही हक्कदाराला उठवता येत नाही.

औषधाची बाटली महिन्यात संपते, जमीन नातवाला पुरते. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या अन् ठराव लिहून ठेवा.