पेटी करून घ्यावी की विकत आणावी?

शिरूरच्या बाजारपेठेतील एक एकत्र कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. दोन भाऊ, त्यांच्या पत्नी, वृद्ध मातोश्री आणि महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा, अशी सहा माणसे. दुकान भुसार मालाचे. धाकट्या सुनेचे माहेर दौंडचे. वर्षातून दोन वेळा सर्वांनी मिळून यात्रा करावी आणि बाहेरच्या अन्नपाण्यावर अवलंबून राहू नये, या विचाराने त्यांनी एक लहान कॅम्पर ट्रेलर घेतला आहे. म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची, निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले, तेव्हापासून अशा गाड्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे. ट्रेलर दारात आला, तो आतून जवळजवळ रिकामा होता. धान्य, भांडी, अंथरुणे, औषधे ठेवायची कशात, हा प्रश्न निघाला आणि घरात दोन पक्ष पडले.

थोरल्याचे म्हणणे असे, की गोदामाच्या कामातून उरलेले प्लायवूड पडून आहे, सुतार ओळखीचा आहे, तेव्हा पेट्या घरीच करून घ्याव्यात. धाकट्याचे म्हणणे, तयार पेट्या मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? वाद वरकरणी दहा-पंधरा हजारांचा आहे. परंतु व्यापारी घरांत रकमेपेक्षा ‘मी शहाणपणाने खर्च केला’ हे सिद्ध करण्याची ईर्षा अनेकदा मोठी असते, आणि अशा ईर्षेत मूळ वस्तूचा उपयोग बाजूला राहतो.

वस्तुतः या परिसराला प्रवासाच्या पेटीचा अनुभव नवा नाही. दिवाळीच्या आसपास बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात येतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्यांचा अवघा संसार असतो. त्यात बाजारातून विकत घेतलेली पत्र्याची पेटी हमखास दिसते. सुताराकडून करून घेतलेली लाकडी पेटी क्वचितच. कारण उघड आहे. ती पेटी तिजोरीही असते, बसण्याचे आसनही असते, पावसात भिजली तरी फुगत नाही, आणि मोडली तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तशीच दुसरी मिळते. चार-सहा महिने ज्याला चाकांवर आणि कोपीत काढायचे आहेत, त्याने केलेली ही निवड आहे; ती केवळ गरिबीतून आली असे समजणे चुकीचे ठरेल.

दुसरे उदाहरण रेल्वेचे. दौंड हे जुने जंक्शन. येथून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. अशा मोठ्या स्थानकांच्या फलाटांवर गार्ड व इंजिनचालक यांच्या लोखंडी पेट्या ओळीने ठेवलेल्या असत, त्या अनेक वाचकांना आठवतील. त्यांना ‘लाइन बॉक्स’ म्हणतात. झेंडे, दिवा, धोक्याच्या सूचनेचे फटाके, नियमपुस्तके असे ठरलेले सामान त्यात असे. पेटी भक्कम, पण जड. ती गाडीत चढविण्या-उतरविण्यासाठी स्वतंत्र माणसे असत, म्हणून तिच्या वजनाची कोणी फारशी चौकशी केली नाही. अलीकडच्या काळात रेल्वेने त्या जागी चाकांच्या बॅगा आणण्याचे ठरविले, तेव्हा हे ओझे आता स्वतः ओढावे लागणार अशी तक्रार कर्मचाऱ्यांतून आली. पेटी दुसऱ्याने उचलायची असली, की तिचे वजन कोणी विचारीत नाही. ट्रेलरच्या बाबतीत तो ‘दुसरा’ म्हणजे मोटारीचे इंजिन आणि ब्रेक.

आता हिशेब मांडू. पुढील दर केवळ रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. गावागणिक ते बदलतील. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा सहा पेट्या करावयाच्या आहेत. एका पेटीला झाकणासह साडेबावीस चौरस फूट प्लाय लागतो. सहा पेट्यांचे १३५ चौरस फूट झाले. कापणीतील नासाडी धरून आठ बाय चारच्या पाच शीट. १२ मिलिमीटरची शीट ३,००० रुपयांची धरली तर १५,००० रुपये. सुताराचे पाच दिवस, १,२०० रुपये रोजाने, ६,००० रुपये. बिजागऱ्या, कड्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या, रबर यांचे ५,००० आणि सनमायका व रंगाचे ४,००० रुपये. एकूण ३०,००० रुपये. तेवढीच जागा देणाऱ्या सत्तर लिटरच्या तयार प्लास्टिक पेट्या सोळा लागतील. १,८०० रुपये दराने २८,८०० रुपये. म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ समान.

येथे थोरला भाऊ म्हणेल, ‘प्लाय तर घरचाच आहे. पंधरा हजार वजा करा.’ हीच ती जागा, जेथे चांगले चांगले हिशेबनीस फसतात. पडून असलेला माल फुकट नसतो. त्याच प्लायमधून पुढच्या वर्षी दुकानात फळ्या होणार असतील, तर त्या वेळी नवा प्लाय आणावाच लागेल. खर्च टळला नाही, पुढे ढकलला गेला. शिवाय तो प्लाय दुकानाच्या नावावर घेतलेला असून त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलेले असेल, तर घरगुती उपयोगात गेलेल्या मालाचे क्रेडिट परत करावे लागते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम २०१७ च्या कलम १७(५) मध्ये व्यक्तिगत उपयोगाच्या मालावर हे क्रेडिट मिळत नाही असे स्पष्ट आहे. रक्कम लहान आहे हे खरे. पण मालकाच्या उचल खात्यावर तिची नोंद व्हावयासच हवी. दोन भावांच्या भागीदारीत तर अशी न लिहिलेली उचल पुढे बोलण्याचा विषय होते.

परंतु रुपयांचा हिशेब हा या प्रकरणातील सोपा भाग. खरा हिशेब किलोग्रॅमचा.

कॅश क्रेडिट खाते ज्यांनी वापरले आहे त्यांना ‘ड्रॉइंग पॉवर’ ठाऊक असते. मंजूर मर्यादा कितीही असो, मालाच्या किमतीतून मार्जिन वजा जाता जे उरते तेवढेच उचलता येते. ट्रेलरचेही तसेच. नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजन ७५० किलो असेल आणि रिकाम्या ट्रेलरचे वजन ४५० किलो असेल, तर सामानासाठी उरले ३०० किलो. त्यातून पेट्यांचे स्वतःचे वजन आधी वजा होते. गोदामातला उरलेला प्लाय बहुधा १९ मिलिमीटरचा असतो. त्याची एक शीट सुमारे ३७ किलोची; म्हणजे वर सांगितलेल्या आकाराची एक पेटी लोखंडी सामानासह सत्तावीस-अठ्ठावीस किलोची, आणि सहा पेट्यांचे १६५ किलो. अर्धी अधिक मर्यादा रिकाम्या पेट्यांतच संपली! १२ मिलिमीटरचा प्लाय नव्याने आणला तर हेच वजन ११० किलोच्या आत-बाहेर राहते. प्लास्टिकच्या सोळा पेट्या साठ किलोच्या आत बसतात.

‘फुकट’ प्लाय आणि प्लास्टिक यांतील अंतर शंभर किलोहून अधिक आहे. शंभर किलो म्हणजे शंभर लिटर पाणी. गाळून उकळलेले पाणी बरोबर नेणाऱ्या सहा माणसांच्या घराला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला तीस लिटर लागते असे धरले, तर तीन दिवसांचे पाणी त्या जाड प्लायने आधीच पिऊन टाकले. एवढे करूनही पाणी घेतलेच, तर ट्रेलर मर्यादेबाहेर जातो. आणि उतारावर ब्रेक दाबल्यानंतर मागून येणारा धक्का किती मोठा असतो, हे त्या वेळी कळून उपयोग नाही.

वजन किती याइतकेच ते कोठे, हेही पाहावे लागते. जड वस्तू खाली, तळाशी आणि चाकांच्या आसाजवळ, किंचित पुढे असाव्यात. जोडाच्या टोकावर एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग यावा, असा ढोबळ नियम आहे. अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के सांगतात, इंग्लंडमध्ये पाच ते सात. मागे भार वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो. डाळ-तांदळाची पेटी ‘दाराजवळ सोयीची’ म्हणून अगदी मागे ठेवण्याचा मोह यासाठीच टाळावा.

आता सोयीचा प्रश्न, ज्याकडे पुरुषमंडळी सहसा पाहत नाहीत. डिसेंबरात आपल्या भागात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. मुक्कामी पोहोचेपर्यंत सव्वापाच झाले, तर सहा जणांचा स्वयंपाक आणि जेवण यांना पाऊण तास उरतो. अशा वेळी वरून झाकण उघडणाऱ्या तीन पेट्या एकावर एक रचलेल्या असल्या आणि तिखट-मिठाचा डबा तळच्या पेटीत असला, तर ते जेवण राहून जाते. पेटी स्वस्त होती की महाग, हे त्या क्षणी कोणी विचारणार नाही. म्हणून स्वयंपाकाची पेटी बाहेरच्या बाजूने, समोर फळी पाडून उघडणारी असावी. पाडलेली फळीच ओट्यासारखी वापरता येते. अशी पेटी त्या ट्रेलरच्या मापाची तयार मिळणे कठीण. ती करूनच घ्यावी लागते, आणि तिचे माप घेताना सुताराशेजारी रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती उभी असावी. मातोश्रींना वाकून काढता येईल इतक्याच उंचीवर त्यांची औषधे हवीत, हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात येत नाही.

धान्य व कोरड्या पदार्थांसाठी मात्र प्लाय नको. त्याच्या सांध्यांत पीठ बसते, ओल धरते आणि किडे होतात. मग सफाई करताना जयणा पाळणे अवघड. गुळगुळीत आतील भिंतीची, झाकणाला रबर असलेली पेटी ओल्या फडक्याने पुसली की झाले. शिरूरकडच्या रस्त्यांवरील धुळीचाही तोच उपाय.

तयार पेट्याही निर्दोष नाहीत. बऱ्याच पेट्या तळाशी निमुळत्या असतात, त्यामुळे रांगेत जागा वाया जाते. झाकणाच्या कड्या वर्ष-दीड वर्षात तुटतात, आणि त्याच मापाची पेटी तोवर बाजारातून नाहीशी झालेली असते. यावर मार्ग म्हणजे साठ बाय चाळीस सेंटिमीटर तळाचे क्रेट. युरोपातील १२० बाय ८० च्या पॅलेटवर असे चार नेमके बसतात, म्हणून ते माप जगभर रूढ झाले. आपल्याकडील गोदामांतही ते दिसते. हे माप धरून ट्रेलरमध्ये फळ्यांची हलकी चौकट केली, तर एखादा क्रेट मोडला तरी चौकट बदलावी लागत नाही. प्रत्येक थराला पट्टा मात्र हवाच; खड्ड्यातून उसळलेला क्रेट कड्यांवर राहत नाही.

गॅसचा विषय स्वतंत्रपणे सांगणे अवश्य आहे, कारण येथे हौस जिवावर बेतते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाली तर तो वर न जाता तळाशी साचतो. त्यामुळे छान, घट्ट झाकणाची विकतची पेटी सिलिंडरसाठी आणली, तर ती गळतीचे कोठार ठरते. सिलिंडर, मग तो पाच किलोचा लहान का असेना, उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि ज्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारी जाळी आहे अशा कप्प्यात असावा. त्या कप्प्यातून निजण्याच्या जागेकडे एकही फट नसावी. तो कप्पा जाणकाराकडून धातूचा करून घ्यावा. सुताराचे ते काम नव्हे.

कायद्याविषयी एवढेच, की आत ठेवलेली सुटी पेटी हे सामान आहे. बाहेरच्या बाजूस पक्की बसविलेली, गाडीची रुंदी किंवा लांबी वाढविणारी पेटी हा वाहनातील बदल ठरू शकतो, आणि मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. छिद्र पाडण्यापूर्वी विचारावे.

तेव्हा या कुटुंबाने करून घ्यावयाच्या पेट्या तीन: स्वयंपाकाची, सिलिंडरची, आणि चाकावरील उंचवट्याला बगल देऊन बसणारी अंथरुणाची. पहिली व तिसरी १२ मिलिमीटरच्या प्लायची. बाकी सर्व क्रेट विकत. थोरल्याचा १९ मिलिमीटरचा प्लाय गोदामातच राहू द्यावा. दुकानाच्या फळ्यांना तो उत्तम आहे.

आणि मोठ्या यात्रेपूर्वी एक लहान फेरी करावी. न्हावरे, चौफुला मार्गे दौंडला, सुनेच्या माहेरी. उसाच्या हंगामात या रस्त्यावर दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, तेव्हा दिवसाउजेडी निघावे. निघताना वजनकाट्यावर रिकाम्या ट्रेलरची एक आणि भरलेल्या ट्रेलरची एक, अशा दोन पावत्या घ्याव्यात, पाण्याच्या टाकीसह. दौंडला पोहोचल्यावर ज्या क्रेटला वाटेत कोणी हात लावला नाही, ते उघडून पाहावेत. त्यांतील निम्मे सामान माहेरच्या माळ्यावर ठेवून परत यायला हरकत नाही.